केस, खाण आणि तिकीटबारी

मागच्या वर्षी कंपनीच्या कृपेने सात महिने शेफील्डला होतो. टीममध्ये सपोर्टचं काम बघणारा एक माणूस होता, साठीच्या पुढचा, मूळचा बार्न्सलीचा. पहिले दोन आठवडे त्याचं इंग्लिश मला अक्षरशः कळायचं नाही. कॉलवर तो काहीतरी बोलायचा, मी ‘येस, शुअर’ म्हणायचो आणि मग गुपचूप चॅटवर विचारायचो की नक्की काय करायचंय. एकदा लंचला मी हे कबूल करून टाकलं. तो खो खो हसला आणि म्हणाला, घाबरू नकोस, आमचं बोलणं कळलं नाही म्हणून आमच्या गावचा सिनेमा डब्यात जायची वेळ आली होती!

तो सिनेमा म्हणजे ‘केस’. (डोक्यावरचे नव्हेत.) केस्ट्रेल नावाचा ससाण्याच्या जातीतला एक छोटा शिकारी पक्षी असतो, त्याचं लाडाचं नाव. त्याच शनिवारी बघितला. सबटायटल लावून, हे आधीच सांगून टाकतो. आणि मग दोन-तीन वीकेंड याच नादात गेले, की हे असले सिनेमे बनतात कसे, पैसे कोण देतं, आणि दिलेले पैसे परत येतात का? आपण आयटीवाले, बजेट आणि डेडलाईन दिसली की डोळे चमकतात :) त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटिश सिनेमात कामगार बऱ्याचदा विनोदापुरता किंवा नोकर म्हणून यायचा. १९५९-६०च्या सुमाराला हे बदललं. टोनी रिचर्डसन, नाटककार जॉन ऑस्बर्न आणि निर्माता हॅरी सॉल्ट्झमन यांनी वुडफॉल नावाची कंपनी काढली होती. तिचा ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ १९६० साली आला. नॉटिंगहॅममधल्या सायकलच्या कारखान्यात लेथवर काम करणारा तरुण, शनिवारी दारू, रविवारी मासेमारी आणि मधल्या वेळात दुसऱ्याच्या बायकोशी लफडं. दिग्दर्शक कारेल राइझ, हिरो आल्बर्ट फिनी. फिनीला तेव्हा कोणी ओळखत नव्हतं. खर्च सव्वा लाख पौंडांच्या आतबाहेर. सिनेमा तुफान चालला, अगदी त्या काळच्या मोठ्या हिट सिनेमांत गणला गेला. रॅलेच्या खऱ्या कारखान्यात शूटिंग झालं होतं आणि प्रेक्षकांत त्याच कारखान्यात घाम गाळणारी माणसं होती.

यातली एक गंमत लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे. ब्रिटनमध्ये सेन्सॉर बोर्ड सर्टिफिकेट देतं खरं, पण थिएटरचं लायसन्स स्थानिक कौन्सिलकडे असतं आणि कायद्याने शेवटचा शब्द कौन्सिलचा. वॉरिकशर कौन्सिलच्या मंडळींनी या सिनेमातले काही प्रसंग कापायला सांगितले, निर्मात्यांनी नकार दिला, म्हणून त्यांच्या हद्दीत सिनेमावर बंदी!

वुडफॉलच्या यशानंतर तसल्या सिनेमांची रांगच लागली. ‘अ टेस्ट ऑफ हनी’, ‘अ काइंड ऑफ लव्हिंग’, ‘द लोनलीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर’. मग १९६३ साली लिंडसे अँडरसनचा ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ आला, रग्बी खेळणाऱ्या खाणकामगाराचा. माझ्या मते या सगळ्यांतला सर्वांत ताकदीचा. तो पडला. त्याच वर्षी वुडफॉलने ‘टॉम जोन्स’ काढला, अठराव्या शतकातला रंगीत, खट्याळ मामला. त्याने पैशांचा पाऊस पाडला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्करही घेतलं. निर्मात्यांना जो धडा घ्यायचा तो त्यांनी घेतला. चिमण्या आणि धूर बाजूला पडले, पैसा लंडनच्या रंगीबेरंगी पोरापोरींकडे वळला.

आता ‘केस’.

बॅरी हाइन्स हा बार्न्सलीजवळच्या हॉयलंड कॉमन गावचा, खाणकामगारांच्या घरातला, शाळेत पीटीचा मास्तर. टोनी गार्नेट तेव्हा बीबीसीच्या ‘वेन्सडे प्ले’ या नाटकांच्या मालिकेसाठी लेखक शोधत होता. त्याने हाइन्सला विचारलं. पहिलंच मोठं काम चालून आलेलं असताना या गृहस्थाने सांगितलं की आत्ता जमणार नाही, डोक्यात एक कादंबरी आहे, ती आधी लिहायची आहे. मला हा माणूस इथेच आवडला. ती कादंबरी म्हणजे ‘अ केस्ट्रेल फॉर अ नेव्ह’, १९६८ साली छापली गेली. गार्नेटने हस्तलिखित वाचून लगेच हक्क मागितले. डिस्नेकडूनही विचारणा झाली होती, फक्त शेवटी पक्षी जगला पाहिजे अशी अट. हाइन्सने नाही म्हणून सांगितलं.

गार्नेट आणि दिग्दर्शक केन लोच ही जोडी तोपर्यंत टीव्हीमुळे माहीत झाली होती. १९६६ साली त्यांनी बीबीसीसाठी ‘कॅथी कम होम’ केलं होतं. एक साधं जोडपं, नवऱ्याचा अपघात, भाडं थकतं, घर जातं, आणि शेवटी सरकारी माणसं आईच्या हातातून मुलं घेऊन जातात. एका रात्रीत सुमारे सव्वा कोट लोकांनी ते पाहिलं. त्यानंतर लोचचा ‘पुअर काऊ’ (१९६७) थिएटरमध्येही बरा चालला. म्हणजे ही पोरं अगदीच नवखी नव्हती. तरीही पंधरा वर्षांचा मुलगा, एक पक्षी आणि यॉर्कशरची बोली एवढ्या भांडवलावर पैसे द्यायला कोणी तयार होईना. नॅशनल जनरल नावाची अमेरिकन कंपनी तयार झाली आणि शूटिंग तोंडावर आलं असताना बाजूला झाली. गार्नेटने टोनी रिचर्डसनचं दार ठोठावलं. ‘टॉम जोन्स’मुळे रिचर्डसनचं युनायटेड आर्टिस्ट्सकडे वजन होतं. त्याने शब्द टाकला आणि १ लाख ५७ हजार पौंड मंजूर झाले. म्हणजे बघा, ज्या रंगीत सिनेमामुळे या धाटणीचे सिनेमे मागे पडले, त्याच्याच पुण्याईवर ‘केस’ उभा राहिला.

शूटिंग १९६८च्या उन्हाळ्यात, बार्न्सलीत आणि आसपास. बिली कॅस्परचं काम करणारा डेव्हिड ब्रॅडली तिथल्याच सेंट हेलन्स शाळेतला, आणि शाळेचे प्रसंगही त्याच शाळेत घेतले. मास्तर झालेल्यांपैकी कॉलिन वेलंड हा एकच नाव घेण्यासारखा नट. फुटबॉलच्या तासाला पोरांना छळणारा पीटी मास्तर झालेला ब्रायन ग्लोव्हर खऱ्या आयुष्यातही मास्तर होता आणि फावल्या वेळात कुस्त्या खेळायचा. बिलीच्या आईचं काम करणारी लिन पेरी कामगारांच्या क्लबांमधून गाणारी, हसवणारी बाई. लोच-गार्नेटचा हिशोब साधा होता. दारू प्यायलेल्या खाणकामगारांसमोर जो रोज रात्री उभा राहतो त्याला कॅमेऱ्याची भीती काय वाटणार?

पक्षी तीन होते. फ्रीमन, हार्डी आणि विलिस. हे तिकडच्या बुटांच्या दुकानांच्या एका साखळीचं नाव! त्यांना शिकवलं हाइन्सचा भाऊ रिचर्ड याने, आणि ब्रॅडली त्याच्याकडून शिकला. सिनेमात पोराच्या मनगटावर पक्षी येऊन बसतो तेव्हा तिथे काहीही ट्रिक नाहीये, ते त्या मुलाने खरोखर शिकलेलं आहे.

कॅमेरामन ख्रिस मेन्जेस. तो नुकताच लिंडसे अँडरसनच्या ‘इफ’वर चेक कॅमेरामन मिरोस्लाव ओन्ड्रिचेकच्या हाताखाली काम करून आला होता. लोचला चेक सिनेमे आवडायचेच. त्यामुळे दोघांनी टीव्हीच्या काळातला धावता, हातातला कॅमेरा सोडून दिला. कॅमेरा लांब, माणसाच्या उंचीवर, शांत उभा. प्रकाश खिडकीतून येईल तेवढा. माणसं आपापलं बोलतायत, कॅमेरा फक्त बघतोय. पुढची पन्नास वर्षं लोच ज्या पद्धतीने सिनेमे काढत राहिला ती इथे सापडली.

यात एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हेडमास्तर पोरांना छड्या मारतो तो प्रसंग आहे. त्या छड्या खऱ्या आहेत. पोरांना आधी नीट सांगितलं नव्हतं. त्यातला एक लहानगा, जो नुसता निरोप घेऊन आलेला असतो आणि उगाच मार खातो, त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं आहे. शेवटी पक्षी मरतो तेव्हाही ब्रॅडलीला सांगितलं होतं की तुझ्या पक्ष्यांपैकी एक मारलाय. प्रत्यक्षात आधीच मेलेला दुसरा पक्षी आणला होता. प्रसंग जबरदस्त झालेत, वादच नाही. पण मुलांशी क्रूरपणे वागणाऱ्या शाळेवर सिनेमा काढताना मुलांना खऱ्या छड्या... लोचच्या चाहत्यांना हे ‘वास्तववादाची किंमत’ वगैरे वाटतं. मला नाही वाटत.

असो. सिनेमा तयार झाला आणि युनायटेड आर्टिस्ट्सच्या अमेरिकन साहेबांना दाखवला. त्यांचं म्हणणं पडलं की हा सिनेमा हंगेरियन भाषेत असता तर जास्त कळला असता! काही प्रसंग जरा सोप्या उच्चारांत पुन्हा डब करून घेतले. तरी लंडनच्या वितरकांना यात धंदा दिसेना. १९६९च्या नोव्हेंबरात लंडन फेस्टिव्हलमध्ये दाखवला, वाहवा झाली, आणि पुढे सामसूम. शेवटी १९७० साली उत्तरेतल्या, मुख्यतः यॉर्कशरमधल्या थोड्या थिएटरांत लावून बघू असं ठरलं. तिथे लोकांनी गर्दी केली. मग लंडनच्या अॅकॅडमी थिएटरने घेतला, तिथेही चालला. बाफ्तामध्ये वेलंड आणि ब्रॅडली दोघांना बक्षिसं मिळाली. १९९९ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने शंभर सर्वोत्तम ब्रिटिश सिनेमांची यादी केली, त्यात ‘केस’ सातवा.

माझा हा सहकारी तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. वडील खाणीत. सिनेमाला गेले की वडील मध्येच झोपायचे, कारण शिफ्ट करून आलेले असायचे. ‘केस’ला जागे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, हे आपल्यासारखं बोलतात. बस, एवढंच परीक्षण.

आता हे सगळं वाचून कोणालाही वाटेल की पुढे लोचला पैशांची ददात पडली नसेल. झालं उलटं. १९७०च्या सुमाराला अमेरिकन कंपन्या स्वतःच तोट्यात गेल्या आणि ब्रिटनमधून पैसा काढून घेऊ लागल्या. लोचचा पुढचा ‘फॅमिली लाइफ’ (१९७१) पडला. माइक ली नावाच्या दुसऱ्या दिग्दर्शकाने त्याच साली १८,५०० पौंडांत ‘ब्लीक मोमेंट्स’ काढला. त्यात पैसे घातले होते आल्बर्ट फिनीच्या कंपनीने, म्हणजे ‘सॅटरडे नाइट’मधल्या त्या हिरोने कर्ज फेडलं म्हणायचं. पण लीचा थिएटरसाठीचा पुढचा सिनेमा यायला १९८८ उजाडलं. मधली सतरा वर्षं टीव्ही आणि नाटक.

सरकारी मदत होती. तिची रचना मला इंजिनियर म्हणून फार रोचक वाटली. १९५० पासून ‘ईडी लेव्ही’ नावाचा प्रकार होता. प्रत्येक तिकिटावर छोटी पट्टी. तिच्यातला निम्मा भाग थिएटरवाल्याकडे राहायचा आणि निम्मा ब्रिटिश सिनेमांच्या निर्मात्यांना, ज्याच्या त्याच्या कमाईच्या प्रमाणात. म्हणजे ज्याचा सिनेमा चालला त्यालाच जास्त मदत! छोट्या सिनेमाला या नळातून थेंब थेंब यायचं. दुसरीकडे सरकारी कर्ज देणारं एक महामंडळ होतं. थॅचरबाईंच्या सरकारने १९८५ साली दोन्ही मोडीत काढलं.

तोपर्यंत मात्र पैशाचा दुसरा झरा फुटला होता. २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल फोर सुरू झालं. या चॅनलला नवीन, वेगळं करायचं असं कायद्यानेच सांगितलेलं, आणि खर्चाचे पैसे द्यायचे आयटीव्हीच्या कंपन्यांनी, त्याबदल्यात चॅनल फोरच्या जाहिराती त्यांनी विकायच्या. म्हणजे साबण आणि चहाच्या जाहिरातींच्या पैशावर डेव्हिड रोझ नावाचा अधिकारी सिनेमे काढत होता. पहिल्याच रात्री स्टीफन फ्रीअर्सचा ‘वॉल्टर’ दाखवला.

फ्रीअर्सचाच ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ (१९८५) याच पैशातला. लेखक हनीफ कुरेशी. लंडनमध्ये धुलाईचं दुकान चालवणारा पाकिस्तानी पोरगा आणि त्याचा गोरा मित्र, खरं तर प्रियकर. आपले सईद जाफरी आणि रोशन सेठ दोघेही त्यात आहेत आणि दोघांनी धमाल केली आहे. सुमारे सव्वासहा-साडेसहा लाख पौंड खर्च, सगळा चॅनल फोरचा. टीव्हीवर एकदा दाखवायचा या हिशोबाने १६ एमएमवर घेतला होता. एडिनबरा फेस्टिव्हलमध्ये लोक वेडे झाले म्हणून ३५ एमएमची प्रिंट काढून थिएटरला लावला. अमेरिकेत त्याने वीस लाख डॉलरच्या वर गल्ला केला आणि कुरेशीला पटकथेचं ऑस्कर नामांकन मिळालं. एवढं कमावलं म्हणून सगळे ‘टीव्हीच्या पैशावर सिनेमा’ हे मॉडेल मानायला लागले.

लोचलाही या मॉडेलने हात दिला, पण उशिरा. ऐंशीच्या दशकात त्याची फार वाईट अवस्था होती. कामगार संघटनांच्या नेत्यांवर त्याने केलेली डॉक्युमेंटरी मालिका १९८३ साली याच चॅनल फोरने दाखवलीच नाही. पोटासाठी त्याने जाहिराती केल्या, त्यात एक मॅकडोनाल्ड्सची. (याबद्दल त्याने नंतर पश्चात्तापही व्यक्त केलाय.) मग १९९१ साली ‘रिफ-राफ’. बांधकामावरच्या मजुरांची गोष्ट. लेखक बिल जेसीने स्वतः साइटवर काम केलं होतं, आणि नटांनाही घेताना अट की कधीतरी बांधकामावर काम केलेलं असलं पाहिजे. त्यातूनच रॉबर्ट कार्लाइल पुढे आला. या सिनेमाला त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट युरोपियन सिनेमाचं बक्षीस मिळालं. अमेरिकेत तो इंग्लिश सबटायटल लावून दाखवला. माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं!

मग येतं १९९७ आणि ‘द फुल मॉन्टी’. शेफील्डच्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्यांतले बेकार कामगार स्टेजवर कपडे उतरवायचं ठरवतात. हिरो पुन्हा कार्लाइल. पटकथेवर आधी चॅनल फोरने पैसे खर्च केले आणि मग सिनेमा काढायला नाही म्हटलं. फॉक्स सर्चलाइटने साडेतीन मिलियन डॉलर दिले. ब्रिटनमध्ये ५ कोटी पौंडांच्या वर धंदा, जगभरात पंचवीस कोटी डॉलरच्या वर. चॅनल फोरच्या त्या साहेबाची झोप उडाली असेल. शुद्धतावादी मंडळी याला सोशल रिअॅलिझम म्हणत नाहीत, कारण शेवट गोड आहे, गाणी आहेत. माझं मत विचाराल तर त्यात बेकारी भत्त्याच्या रांगेत गाणं लागल्यावर नकळत कंबर हलवणारी माणसं आहेत, तेवढा एक प्रसंग दहा भाषणांच्या तोडीचा आहे. पण हेही खरं की पैसा हॉलिवूडचा, त्यामुळे नफाही बहुतेक हॉलिवूडला गेला. शेफील्डच्या ट्राममधून जाताना मला या सिनेमातल्या जागा ओळखू यायच्या, आणि तिथे कोणाचं काही फार बदललंय असं वाटायचं नाही. याच सिनेमाचा लेखक सायमन बोफॉय पुढे मुंबईत येऊन ‘स्लमडॉग मिलियनेअर’ लिहून ऑस्कर घेऊन गेला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

दोन वर्षांनी ‘ईस्ट इज ईस्ट’. साल्फर्ड, १९७१, मासे आणि बटाट्याच्या तळणीचं दुकान चालवणारा पाकिस्तानी बाप, इंग्लिश बायको आणि मधल्या मध्ये सापडलेली सात पोरं. अयूब खान-दीनने स्वतःच्या घरावरूनच लिहिलेलं. बाप म्हणजे ओम पुरी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला, आणि ज्याचा पहिला सिनेमा मराठी होता, ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६). सुमारे १९ लाख पौंडांत बनलेल्या या सिनेमाने ब्रिटनमध्येच एक कोटीच्या वर गल्ला जमवला. हसता हसता तो बाप बायकोवर हात उचलतो तेव्हा थिएटर कसं गप्प झालं असेल याची कल्पना करता येते.

आता तुम्ही म्हणाल, बरं चाललंय की मग! थांबा, गल्ला आणि हातात येणारे पैसे यांत किती अंतर असतं बघा. मोटा हिशोब करतो. दहा पौंडांचं तिकीट घेतलं की आजच्या दराने १.६७ पौंड व्हॅट. उरले ८.३३. यातला साठ टक्के किंवा जास्त वाटा थिएटर ठेवतं. वितरकाकडे आले जेमतेम तीन पौंड. त्यातून पोस्टर, जाहिराती, प्रिंटचा खर्च आणि वितरकाचं कमिशन जातं. जे उरेल ते निर्मात्याचं, आणि छोट्या सिनेमात बहुतेक वेळा काही उरत नाही. म्हणून तिकिटाच्या भरवशावर ब्रिटनमध्ये असा सिनेमा निघूच शकत नाही.

मग लोच दर दोन वर्षांनी सिनेमा काढत कसा राहिला? उत्तर आहे युरोप. निर्माती रिबेका ओब्रायन थोडे पैसे ब्रिटिश टीव्हीकडून आणि लॉटरीतून घ्यायची, आणि बाकीचे फ्रान्स, जर्मनी, स्पेन, इटली, बेल्जियममधल्या निर्मात्यांकडून आणि वितरकांकडून, शूटिंगच्या आधीच. बजेट छोटं, स्टार कोणी नाही, त्यामुळे प्रत्येकाचा धोका बेताचा. लिमिटेड रिस्क, फिक्स्ड स्कोप. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने ओब्रायनबाईंकडे ट्रेनिंगला जायला हवं.

या व्यवस्थेचं चमत्कारिक फळ २००६ साली दिसलं. लोचच्या ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’ला कान्समध्ये सर्वोच्च बक्षीस मिळालं. हा आयर्लंडच्या लढ्यावरचा सिनेमा, ब्रिटनमध्ये पेपरवाल्यांनी भरपूर शिव्याही घातल्या. फ्रान्समध्ये ३००च्या आसपास प्रिंट लागल्या. ब्रिटनमध्ये सुरुवातीला ३०च्या आसपास! तेव्हा एकेक प्रिंट काढायला हजार पौंडांच्या घरात खर्च यायचा, त्यामुळे वितरक आधी शहरांतल्या चोखंदळ थिएटरांत लावून बघायचे. गावाबाहेरच्या मल्टिप्लेक्समध्ये दहा स्क्रीन असायचे आणि त्यातल्या तीनवर एकच अमेरिकन सिनेमा. ज्या बार्न्सलीने ‘केस’ तारला होता, तसल्या गावांपर्यंत असा सिनेमा वेळेवर पोचायचाच नाही.

अडचणीत भर सर्टिफिकेटची. लोचच्या ‘स्वीट सिक्स्टीन’ला (२००२) शिव्यांमुळे १८चं सर्टिफिकेट मिळालं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांची गोष्ट, आणि तीच पोरं तिकीट काढू शकत नाहीत. शेन मेडोजच्या ‘धिस इज इंग्लंड’चं (२००६) तेच झालं. १९८३ साली स्किनहेड टोळीत ओढला गेलेला बारा वर्षांचा मुलगा. काम करणारा थॉमस टरगूस हा शाळेच्या नाटकातून हाकलला गेलेला पोरगा, ऑडिशन द्यायचे पाच पौंड मागितले होते म्हणे त्याने. वर्णद्वेषाकडे पोरं कशी वळतात हे सांगणारा सिनेमा आणि तोच त्या वयाला बंद. इथे मात्र कौन्सिलचा तो जुना अधिकार उलट्या बाजूने कामाला आला. ब्रिस्टलसारख्या काही ठिकाणी कौन्सिलने आपल्या हद्दीत तो १५ वर्षांपुढच्यांसाठी खुला केला. वॉरिकशरच्या त्या मंडळींना हे बघायला मिळायला हवं होतं.

शेवटचा मोठा प्रसंग २०१६चा. ‘आय, डॅनियल ब्लेक’. न्यूकॅसलचा एकोणसाठ वर्षांचा सुतार, हार्ट अटॅक आलेला. डॉक्टर म्हणतो काम करू नकोस, सरकारी खातं म्हणतं तू कामाला फिट आहेस. कंप्युटरचा माउस हातात धरून तो स्क्रीनवर ‘वर’ फिरवतो तो प्रसंग बघताना मी फार ओशाळलो होतो. असले ऑनलाइन फॉर्म आम्हीच लिहितो. सेशन टाइमआउट आम्हीच ठेवतो, आणि टेस्टिंग करणारे आम्ही सगळे पंचविशीतले.

ब्लेकचं काम करणारा डेव्ह जॉन्स मूळचा स्टँडअप कॉमेडियन. पुन्हा क्लबातला माणूस! शूटिंग नेहमीप्रमाणे गोष्टीच्या क्रमाने, नटांना पुढचं फार न सांगता. फूड बँकेचा प्रसंग खऱ्या फूड बँकेत घेतला, तिथल्याच कार्यकर्त्यांसोबत. दोन मुलांची आई भुकेने कासावीस होऊन तिथेच डबा फोडून हाताने खायला लागते. मला तो भाग दुसऱ्यांदा बघवला नाही. लोचला कान्सचं सर्वोच्च बक्षीस दुसऱ्यांदा मिळालं. खात्याच्या मंत्र्याने सिनेमा न बघताच तो अन्यायकारक असल्याचं सांगून टाकलं, म्हणजे फुकट पब्लिसिटी. ब्रिटनमध्ये सुमारे ३२ लाख पौंडांचा गल्ला झाला, लोचच्या सिनेमासाठी तो विक्रमच. तिकिटाचा सरासरी दर धरला तर साडेचार लाखांच्या आसपास प्रेक्षक. फ्रान्समध्ये नऊ लाखांहून जास्त! न्यूकॅसलच्या भत्ता ऑफिसची गोष्ट न्यूकॅसलच्या देशापेक्षा दुप्पट लोकांनी फ्रान्समध्ये बघितली.

पण यावेळी वितरकांनी एक शहाणपणा केला. थिएटरच्या बरोबरीने कम्युनिटी हॉल, चर्च, युनियनचे क्लब, फूड बँका अशा ठिकाणी खेळ लावले, आणि बऱ्याच ठिकाणी तिकीट म्हणजे जमेल तेवढे पैसे द्या. हे आकडे बॉक्स ऑफिसच्या तक्त्यात नीट येत नाहीत. आता डिजिटलमुळे प्रिंटचा खर्चही राहिला नाही, एक हार्ड डिस्क किंवा डाउनलोड, झालं. लोचने २०२३ साली ‘द ओल्ड ओक’ काढला, डरहॅमच्या खाणगावातल्या पबचा आणि तिथे येऊन पडलेल्या सीरियन निर्वासितांचा, आणि हा शेवटचा असं सांगितलं. तेव्हा तो सत्त्याऐंशीचा होता.

परत यायच्या आधीच्या रविवारी ट्रेनने बार्न्सलीला जाऊन आलो. शेफील्डहून अर्ध्या तासाच्या आत पोचतो. खाणी कधीच बंद झाल्यात. गावाच्या मध्यभागी बिलीचा ब्राँझचा पुतळा आहे, ग्रॅहम इबेसनने केलेला, हातावर पक्षी. बाजूला एक आजोबा नातवाला काहीतरी समजावत होते, मी कान देऊन ऐकलं, अर्धंच कळलं. पुतळ्याचा फोटो सहकाऱ्याला पाठवला. लगेच उत्तर आलं, सबटायटल लावायची सोय आहे का तिथे?